आनंदामाइडच्या नावानं चांगभलं

बाळंतपणाच्या कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात, या जुन्या प्रश्नाला हल्ली एक झकास उत्तर ऐकायला मिळतं. शरीर स्वतःच गांजासारखं द्रव्य तयार करतं. दिवस भरले की ते रक्तात वाढतं. त्यानेच कळा सुरू होतात. आणि मग लगेच चौथं वाक्य येतं: जे शरीरात आहेच, ते बाहेरून चार थेंब जास्त घेतलं तर बिघडलं कुठे? भांगेचा काढा असो, विजयाच्या, म्हणजे भांगेच्याच, पानांचं तेल असो की गांजातल्याच सीबीडी या द्रव्याची परदेशी बाटली, विकणाऱ्या सगळ्यांनाच हे उत्तर सोयीचं आहे. त्यात प्रयोगशाळेचा शिक्का आहे, आजीबाईचा बटवा आहे आणि 'नैसर्गिक' हा हुकमी शब्दही आहे.

या चार वाक्यांतलं पहिलं खरं आहे. दुसरं अर्धवट खरं आहे. तिसरं सिद्ध झालेलं नाही. चौथं धोक्याचं आहे. पहिल्याच्या जोरावर चौथं खपवलं जातं, म्हणून चारही सुटी करून तपासायला हवीत.

पहिल्याबद्दल वाद नाही. इस्राएलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम यांनी १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्यासोबत गांजातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, वेगळं काढलं. हे द्रव्य मेंदूत ज्याला जाऊन चिकटतं तो सीबी-१ रिसेप्टर १९८८ मध्ये ओळखला गेला. माणसाच्या पेशींवर गांजासाठी खास जागा असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे शरीराचंच काहीतरी तिथे बसत असणार. १९९२ मध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिव्हेन आणि लुमीर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून ते शोधून काढलं. त्याचं नाव आनंदामाइड. १९९५ मध्ये दुसरं द्रव्य सापडलं, टू-एजी. त्याच सुमारास अमेरिकेत भारतीय वंशाचे सुधांशु कुमार डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भाशयातही हे रिसेप्टर असल्याचं दाखवलं. गर्भ रुजण्याच्या वेळी तिथलं आनंदामाइड उतरतं, एरवी चढं राहतं, हेही पुढे दिसलं. इटलीच्या माउरो माकारोने यांच्या गटाने २००० मध्ये आणखी एक धागा जोडला. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या रक्तपेशींत आनंदामाइड तोडणारं एन्झाइम कमी आढळलं. गर्भधारणेशी या द्रव्यांचा संबंध आहे हे नक्की. पण पहिल्या महिन्यांतल्या या पुराव्यात आनंदामाइड कमी असणं गर्भाच्या सोयीचं दिसतं, जास्त असणं नव्हे. बाटली विकणारे ही बाजू सांगत नाहीत.

आता दुसरं वाक्य: दिवस भरले की ते वाढतं. याचा आधार म्हणून इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातलं काम पुढे केलं जातं. तिथे जस्टिन कोंजे यांच्या गटाने २००४ मध्ये गरोदर स्त्रियांच्या रक्तातलं आनंदामाइड मोजून प्रसिद्ध केलं. पहिल्या तिमाहीत सरासरी ०.८९ नॅनोमोलर, दुसऱ्या तिमाहीत ०.४४, तिसऱ्या तिमाहीत ०.४२. दिवस भरलेल्या पण कळा नसलेल्या स्त्रियांत ०.६८. आणि कळा चालू असलेल्या स्त्रियांत २.५, म्हणजे पावणेचारपटीच्या आसपास.

हे आकडे सावकाश वाचले तर दाव्याची गाठ सुटू लागते. दिवस भरलेल्या, पण कळा न आलेल्या बाईच्या रक्तात पातळी पहिल्या तिमाहीपेक्षाही कमीच आहे. मोठी उडी दिसते ती कळा सुरू झाल्यानंतरच्या नमुन्यांत. कळा चालू असताना काढलेलं रक्त कळांच्या आधी काय झालं याची साक्ष देऊ शकत नाही. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागल्या की हंगाम सुरू झाला हे माढा तालुक्यातल्या मोडनिंब गावाला कळतं. ट्रॉल्यांमुळे कारखान्याचा हंगाम सुरू झाला, असं तिथे कुणी म्हणत नाही. कळांच्या वेळी रक्तात काय वाढत नाही? कॉर्टिसोल वाढतं, अॅड्रेनलिन वाढतं, शरीराचं स्वतःचं अफूसारखं वेदनाशामक एंडॉर्फिनही वाढतं. यातल्या प्रत्येकाला 'सुरुवात करणारा' ठरवायचं म्हटलं तर यादी संपणार नाही.

त्यातच २०१० मध्ये याच लेस्टरच्या गटाचं दुसरं काम आलं. या वेळी स्त्रियांच्या कळा डॉक्टरांनी औषधं देऊन सुरू केल्या होत्या. तरीही आनंदामाइड चढलं. म्हणजे सुरुवात औषधाने झाली आणि पातळी नंतर वाढली. कळांमुळे आनंदामाइड वाढतं ही दिशा यातून तरी दिसते. उलटी दिशा दिसत नाही. ज्या संशोधनाचा हवाला देऊन दावा केला जातो, त्याच संशोधकांचं पुढचं काम दाव्याच्या पायाखालची वाळू सरकवतं.

तिसरं वाक्य, त्यानेच कळा सुरू होतात, तपासायला आयर्लंडमधल्या गॉलवेला जावं लागतं. सिझेरियनच्या वेळी, स्त्रीच्या संमतीने, गर्भाशयाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेतला जातो. त्याच्या बारीक पट्ट्या करून त्या कोमट क्षारद्रावात टांगतात. एक टोक पक्कं बांधलेलं, दुसरं ताण मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं. शरीराबाहेर काढलेला हा स्नायू तिथे पुन्हा आकसू लागतो आणि कागदावर एकामागून एक शिखरं उमटतात. या द्रावात आनंदामाइड टाकल्यावर काय झालं? दाव्याप्रमाणे शिखरं उंच व्हायला हवी होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात ती बसली. जितकं द्रव्य जास्त, तितका स्नायू सैल. गांजातल्या टीएचसीनेही तेच केलं. सीबी-१ रिसेप्टर औषधाने अडवला की हा परिणाम ओसरला, म्हणजे रस्ता तोच होता. ज्याला कळांचा सुरुवातकर्ता म्हणायचं, ते थेट स्नायूवर टाकलं तर कळा मंदावतात.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००८ मध्ये मरे मिचेल यांच्या गटाने गर्भाच्या आवरणाच्या पेशींवर हीच द्रव्यं टाकली, तेव्हा तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार होणं वाढलं. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे पिशवीचं तोंड मऊ करणारं, कळांना बळ देणारं द्रव्य. दवाखान्यात दिवस उलटलेल्या बाईला जे जेल लावतात त्यात हेच असतं. शिवाय आनंदामाइड तुटलं की त्यातून अॅराकिडोनिक आम्ल सुटतं, आणि तेच प्रोस्टाग्लँडिनचा कच्चा माल आहे. तेव्हा एका ऊतीत हे द्रव्य लगाम घालतं आणि शेजारच्या ऊतीत टाच मारतं, असं चित्र आहे. संशोधकाला असं चित्र आवडतं, कारण त्यात पुढचे प्रश्न आहेत. 'त्यानेच कळा सुरू होतात' असं छातीठोक सांगणाऱ्याला मात्र यातला अर्धा पुरावा झाकावाच लागतो.

आणि उंदीर? २००८ मध्येच डे यांच्या गटाने दाखवलं की सीबी-१ रिसेप्टर नसलेल्या उंदरिणी वेळेआधी वितात. यावरून काहींनी थेट अनुमान काढलं की गांजासारखं द्रव्य कमी पडलं तर बाळंतपण लवकर होतं, तेव्हा ते भरून काढा. प्रयोगात प्रत्यक्ष काय दिसलं? या उंदरिणींत प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनचा तोल ढळला होता, तणावाचे हार्मोन वाढले होते, आणि तणावाच्या साखळीतला एक संदेश औषधाने अडवल्यावर त्या पुन्हा वेळेवर व्यायल्या. म्हणजे रिसेप्टरचं काम इथे घाई रोखण्याचं, पुष्कळ टप्पे मधे ठेवून. शिवाय उंदरिणीत वेण्याच्या आधी प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं. बाईत तसं होत नाही. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन प्रसूतीपर्यंत चढंच राहतं. उंदराच्या घड्याळावर बाईची वेळ लावता येत नाही.

'एकच द्रव्य सगळं सुरू करतं' हा हट्ट विज्ञानाने यापूर्वीही मोडलेला आहे, आणि तोही कळांच्या सर्वांत नामांकित हार्मोनच्या बाबतीत. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकसतं हे नोंदवलं. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी त्यातलं ऑक्सिटोसिन १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. आज 'कळांचं इंजेक्शन' म्हटलं की तेच. मग १९९६ मध्ये ऑक्सिटोसिनचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरिणी तयार झाल्या. त्या वेळेवर, सुरळीत व्यायल्या. अडलं ते पुढे: पान्हा सुटेना, पिलं दुधावाचून मरू लागली. इतकी वर्षं कळांचा राजा मानलेलं द्रव्य उंदरिणीच्या प्रसूतीला अपरिहार्य नाही, असं निघालं. मेंढीत प्रसूतीची सुरुवात कोकराच्या अॅड्रिनल ग्रंथीकडून होते, हे न्यूझीलंडच्या मॉन्ट लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात दाखवलं होतं. बाईत तसाच सरळ मार्ग सापडला नाही. बाईच्या बाळंतपणात वार, बाळाच्या ग्रंथी, आवरणं, पिशवीचं तोंड आणि स्नायू अशी अनेकांची कामगिरी असते. आनंदामाइड त्यातलं एक आहे. त्याला एकट्याला गादीवर बसवायचं कारण नाही.

इथे परंपरेचा मुद्दा पुढे येतो. गोऱ्या डॉक्टरांनीही भारतीय भांग बाळंतपणात वापरली होती, असं अभिमानाने सांगितलं जातं. वापरली होती, खरं आहे. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कोलकात्यातून या वनस्पतीचे औषधी प्रयोग युरोपच्या नजरेस आणले. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर क्रिस्टिसन यांनी १८५१ मध्ये अडलेल्या कळा तिच्या अर्काने वाढतात असं लिहिलं. पण त्यांच्याकडे मोजक्या बायकांच्या नोंदी होत्या. अर्क न घेतलेल्या बायकांशी तुलना नव्हती. अर्काची ताकद बाटलीगणिक वेगळी होती. कळा काही वेळ मंदावून आपोआप वाढतात, हे कुठल्याही अनुभवी सुईणीला ठाऊक असतं. मधल्या वेळेत दिलेल्या कशालाही मग श्रेय जातं, भांगेच्या अर्कालाही आणि अंगाऱ्यालाही.

परंपरेतलं सगळंच पोकळ असतं असं मुळीच नाही. एरंडेल घ्या. दिवस उलटले की एरंडेल पाजायचं, हा उपाय अनेक देशांत जुना आहे. २०१२ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी त्यातलं रिसिनोलेइक आम्ल प्रोस्टाग्लँडिनच्याच एका रिसेप्टरला चेतवतं, आणि त्यामुळे उंदराचं आतडं व गर्भाशय दोन्ही आकसतात, हे दाखवलं. म्हणजे एरंडेलाच्या मागे आनंदामाइडपेक्षा कितीतरी सरळ यंत्रणा आहे. तरीही जुलाब आणि मळमळीने बाई हैराण होते म्हणून डॉक्टर ते सर्रास देत नाहीत. यंत्रणा सापडणं ही औषधाची पहिली पायरी असते. भांगेच्या तेलाला ती पायरीही धड चढता आलेली नाही, कारण तिथली यंत्रणा स्नायू सैल पडण्याकडे बोट दाखवते.

आता चौथं वाक्य: शरीरात आहेच, तर बाहेरून घ्यायला काय हरकत? लेस्टरचा सर्वांत मोठा आकडा, २.५ नॅनोमोलर, वजनात मांडला तर रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमही भरत नाही. म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भागसुद्धा नाही. शरीर हे द्रव्य गरजेपुरतं, गरज असेल तिथेच तयार करतं आणि काही मिनिटांत तोडून टाकतं. टीएचसीचं तसं नाही. ते चरबीत मुरतं, दिवसेंदिवस राहतं, वार ओलांडून बाळापर्यंत जातं. आतल्या द्रव्याची सौम्यता सांगून बाहेरचं द्रव्य विकणं ही सरळ दिशाभूल आहे.

परिणामही मोजले गेले आहेत. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ६,६१,६१७ गरोदर स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१९ मध्ये आला. गरोदरपणात गांजा घेतल्याचं सांगणाऱ्यांत ३७ आठवड्यांआधी प्रसूत होण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, न घेणाऱ्यांत ६.१ टक्के. गांजा घेणाऱ्या स्त्रिया तंबाखूही जास्त ओढतात, गरीबही असू शकतात, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून संशोधकांनी अशा बाबतींत सारख्या असलेल्या स्त्रियांच्या जोड्या लावून पुन्हा हिशेब केला. फरक कमी झाला, पण उरला: १०.२ विरुद्ध ७.२ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएचसी आणि सीबीडी दोन्ही गरोदरपणात व अंगावर पाजताना टाळावं असा स्पष्ट इशारा दिला. तरी दुकानं काय सांगतात? कोलोरॅडोत संशोधकांच्या वतीने ४०० गांजा-दुकानांना फोन करून विचारण्यात आलं: आठवा आठवडा आहे, उलट्या होतात, काय घेऊ? ६९ टक्के दुकानांनी आपलाच माल सुचवला.

'आपल्याकडे पानं आणि बिया कायद्यात बसतात' हाही बचाव ऐकू येतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्यापुरती आहे आणि शेंड्याविना असलेली पानं व बिया तिच्याबाहेर आहेत, हे बरोबर. विजयाच्या पानांची औषधं आयुष परवान्यावर विकली जातात, हेही बरोबर. पण कायद्याची व्याख्या पोलिसांसाठी असते. पोटातल्या बाळाला ती लागू होत नाही.

उलट टोकाला जाऊन या सगळ्या संशोधनाला 'गांजेकसांचे चाळे' म्हणून हसणारेही आहेत. तेही चुकतात. लेस्टरच्या गटाने २०१९ मध्ये वेळेआधी प्रसूतीचा धोका असलेल्या स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा पुढे खरोखर लवकर प्रसूत झालेल्यांत आनंदामाइड जास्त आढळलं. धोक्याची आगाऊ सूचना देणारी चाचणी म्हणून त्याचा उपयोग व्हावा, ही आशा आहे. भारताला तिची गरज मोठी आहे. २०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बाळं वेळेआधी जन्मली, जगातल्या अशा बाळांपैकी पाचवा हिस्सा. पण सूचना देणारं द्रव्य आणि बाटलीत भरून पाजायचं द्रव्य यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. इथे तर जास्त आनंदामाइड धोक्याशी जोडलेलं आहे.

पुरावा कसा उभा राहतो हे पाहायला परदेशी जायलाही नको. पहिलटकरणींना सहाव्या ते तेराव्या आठवड्यात ८१ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन सुरू केली तर वेळेआधीच्या प्रसूती कमी होतात का, हे तपासणाऱ्या सहा देशांतल्या चाचणीत नागपूरच्या लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनचं आणि बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचं क्षेत्र होतं. ११,९७६ स्त्रिया. कुणाला अॅस्पिरिन, कुणाला तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाच्या हाती काय आहे हे बाईलाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. २०२० मध्ये निकाल आला: १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्के. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चाचणीतही बेळगाव होतं. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूतीची चिन्हं दिसणाऱ्या २,८५२ स्त्रियांपैकी निम्म्यांना डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. हे आकडे चमत्कारासारखे वाटत नाहीत, आणि त्यावरूनच ते खरे असल्याची खात्री पटते. अॅस्पिरिन ज्या एन्झाइमला अडवते ते अॅराकिडोनिक आम्लावर काम करतं, म्हणजे आनंदामाइडच्याच भावकीत. रसायनाचं कुळ दोघांचं जवळचं. पण एकाची परीक्षा हजारो बायकांच्या पोटी झाली आणि दुसऱ्याची जाहिरात झाली.

हा सगळा हिशेब शेवटी गावच्या बाईसाठी आहे, तेव्हा आता मोडनिंबला काय हवं ते पाहू. माढा तालुक्यातलं हे गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे, कुर्डुवाडी-मिरज मार्गावर त्याचं रेल्वे स्टेशन आहे. साधं बाळंतपण जवळपास होतं. बाई अडली तर पंढरपूर, नाहीतर साठेक किलोमीटरवरचं सोलापूरचं सिव्हिल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. बायका दारापर्यंत पोचल्या आहेत. प्रश्न दाराच्या आत काय होतं याचा आहे.

त्यातला पहिला प्रश्न तारखेचा. पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे साखर कारखान्यासारख्या ठिकाणी हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यात पाचवा-सहावा महिना लागलेली बाई असते, आणि तिचं गरोदरपणाचं कार्ड गावी राहिलेलं असतं. पाळी कधी चुकली ते अंदाजाने सांगितलेलं. अशा बाईला कळा आल्या तर त्या चौतिसाव्या आठवड्यातल्या की अडतिसाव्या, हेच कळत नाही. मग स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं की नाही हेही अडतं. पहिल्या तीन महिन्यांत झालेली एक सोनोग्राफी इथे कुठल्याही काढ्यापेक्षा मोलाची आहे. ज्यांची ती राहून जाते त्यांच्यासाठी मद्रासची आयआयटी आणि फरिदाबादची संशोधन संस्था यांनी गुरुग्रामच्या गरोदर स्त्रियांच्या माहितीवरून उशिराच्या महिन्यांत गर्भाचं वय काढायचं भारतीय सूत्र २०२४ मध्ये जाहीर केलं. असं काम मोबाइलवर व्हायरल होत नाही.

दुसरा प्रश्न कळांच्या इंजेक्शनचा. गोठ्यात पान्ह्यासाठी टोचलं जाणारं ऑक्सिटोसिन आणि प्रसूतिगृहातलं ऑक्सिटोसिन एकच. जनावरांवरच्या गैरवापराचं कारण देऊन केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ते बनवायला बंदी केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द केली. औषध मिळतं हे ठीक. पण कळा वाढवायला ते सलाइनमधून थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत द्यायचं असतं. घाईने दंडात टोचायचं नसतं. बाईला आणि तिच्या माणसांना हा फरक माहीत असणं हे आनंदामाइडच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगाचं ज्ञान आहे.

ज्यांना हा प्रतिवाद खोडायचा असेल त्यांचं काम ठरलेलं आहे. त्याच त्या स्त्रियांचं रक्त छत्तिसाव्या आठवड्यापासून कळा लागेपर्यंत पुन्हा पुन्हा तपासून आनंदामाइड कळांच्या आधी चढतं हे दाखवावं. ते रोखलं किंवा वाढवलं तर कळांची वेळ बदलते हे दाखवावं. आणि नागपूर-बेळगावसारखी पोकळ गोळीशी तुलना करून, आई आणि बाळ दोघांच्या तब्येतीचा हिशेब मांडावा. हे तीन कागद हातात येईपर्यंत मोडनिंबच्या नवव्या महिन्यातल्या बाईला विजयाचं तेल विकणाऱ्याने बाटलीवर, जाहिरातीतल्या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरांत, छापावं: गरोदरपणात घेऊ नये.